स्टेंट टाकलाय आणि दाढ काढायचीय. रक्त पातळ करायची गोळी बंद करायची का?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. बाबांना (वय ६८) साडेचार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन ७५ रोज एक आणि टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ चालू आहे, शिवाय बीपीची, कोलेस्टेरॉलची वगैरे आहेतच. आता खालची दाढ किडून तिचा पार चुराडा झालाय, दोनदा सूज येऊन गेली, काढावीच लागणार म्हणतात. दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटसाठी फोन केला तर समोरच्या मुलीने औषधं विचारली आणि "रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस आधी बंद करून या" असं एका दमात सांगून टाकलं. दादा म्हणतो बरोबर आहे, नाहीतर रक्त थांबणारच नाही. आई म्हणते हातसुद्धा लावायचा नाही गोळ्यांना. आणि बाबा खूश, कारण पाच दिवस तेवढ्याच दोन-तीन गोळ्या कमी! त्यात त्यांच्या हातावर कुठे जरा धक्का लागला तरी काळंनिळं होतं, दाढी करताना कापलं तर कागदाचा कपटा चिकटवून अर्धा तास फिरत असतात, त्यामुळे दादाचं म्हणणंही अगदीच चुकीचं वाटत नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

चष्मिष
वाचतेय. रुमाल टाकून ठेवते, सासूबाईंना हीच टिकाग्रेलॉर चालू होती. सविस्तर नंतर लिहिते.

उंटावरचा_शहाणा
बाबांचा मुद्दा सगळ्यात मजबूत आहे. मला रोज सात गोळ्या आहेत, मी तर आणखी एखादी दाढ किडते का बघतो. (दिवे घ्या)

निवृत्त_पण_निवांत
ताई, आधी एक सांगा, अजून बंद केल्या नाहीत ना? नसतील तर करू नका आणि आधी स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, मग बाकीचं वाचा.

माझंच सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. स्टेंट टाकून तीन महिने झाले होते, क्लोपिडोग्रेल (तुमच्या टिकाग्रेलॉरसारखीच गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन चालू होतं. एक दिवस सकाळी नाकातून रक्त आलं, बेसिन लाल झालं, मी घाबरलो. माझ्या मनाने ठरवलं की गोळी फार झाली असणार, तब्येत तर ठणठणीत आहे, रोज चार किलोमीटर चालतोय, मग कशाला. क्लोपिडोग्रेल बंद केली. घरात कुणाला सांगितलं नाही, रोज पट्टीतून एक गोळी काढून ड्रॉवरमध्ये जुन्या चष्म्याच्या डबीत टाकायचो म्हणजे बायकोला शंका नको. अकराव्या दिवशी पहाटे छातीत तेच पहिल्यासारखं दाबल्यासारखं. हॉस्पिटलात टेबलावर घेतल्यावर डॉक्टरांनी नाव-गाव काही विचारलं नाही, पहिला प्रश्न "गोळी कधी बंद केलीत?" स्टेंटच्या आतच गुठळी झाली होती. वाचलो. चष्म्याच्या डबीत अकरा गोळ्या सापडल्या त्या बायकोने अजून ठेवल्यात, वाद झाला की टेबलावर आणून ठेवते.

उंटावरचा_शहाणा
काका, माझा वरचा विनोद मागे घेतो.

दंतकथा
मी दातांचाच डॉक्टर आहे त्यामुळे जरा लांब लिहितो.

सांजवेळ, त्या मुलीवर रागावू नका पण तिचं ऐकूही नका. औषध बंद करायला सांगणं हे रिसेप्शनचं काम नाही, आणि खरं सांगायचं तर दातांच्या डॉक्टरनेही ते हृदयाच्या डॉक्टरला न विचारता करायचं नसतं. एक साधी दाढ काढायला अ‍ॅस्पिरिन काय, दोन्ही गोळ्या एकत्र चालू असल्या तरी सहसा बंद कराव्या लागत नाहीत. रक्त जास्त वेळ येतं हे खरं. पण ते येतं अशा जागेतून जिथे मला बोट घालून दाबता येतं, टाका घालता येतो, विरघळणारा स्पंज भरता येतो, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला बोळा ठेवता येतो. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तिथे मला काय कुणालाच बोट घालून दाबता येत नाही. एवढाच हिशोब आहे.

हे पाच दिवसांचं पिल्लू मोठ्या ऑपरेशनमधून आलंय. तिथे क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस, टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आणि प्रासुग्रेल ७ दिवस आधी थांबवतात, तेही हृदयवाल्यांनी हो म्हटल्यावर, आणि अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा तरीही चालूच ठेवतात. अटॅक येऊन वर्षसुद्धा झालं नसेल आणि ऑपरेशन टाळण्यासारखं असेल तर ऑपरेशनच पुढे ढकलतात. ते दाढेला लावणं म्हणजे चप्पल तुटली म्हणून पाय बदलण्यासारखं आहे.

अपॉइंटमेंट सकाळची घ्या, आणि आठवड्याच्या सुरुवातीची. म्हणजे रात्री परत रक्त आलं तर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा असतो, शनिवारी संध्याकाळी दाढ काढून रविवारी मला शोधत फिरणारे पेशंट मी पाहिलेत. एका वेळी एकच दाढ. काढल्यावर कापसाचा नाही, गॉझचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा आणि दर दोन मिनिटांनी काढून "थांबलं का" बघायचं नाही, सगळं तिथेच बिघडतं. पहिले २४ तास जोरात चूळ नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, सारखं थुंकायचं नाही. थुंकीत गुलाबी रंग दिसणं म्हणजे रक्तस्राव नव्हे, एक थेंब रक्त तोंडभर लाळ रंगवतं.

शंकासुर
मला एक कळलं नाही. अ‍ॅस्पिरिन म्हणे काही तासांत शरीरातून निघून जातं. मग ऑपरेशनच्या आधी इतके दिवस कशाला थांबवतात या गोळ्या? आणि अ‍ॅस्पिरिन दिवसातून एकदा आणि टिकाग्रेलॉर दोनदा असं का?

भोचकभवानी
कारण कंपन्यांना गोळ्या खपवायच्या असतात म्हणून, आणखी काय. माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी सगळं बंद केलं, रोज सकाळी कच्चा लसूण, आज चौऱ्याहत्तरीत टुणटुणीत आहेत. हे सगळं घाबरवायचे धंदे.

रात्रपाळी
शंकासुर, छान प्रश्न. (मी हॉस्पिटलात मेडिसिनला आहे, नावाप्रमाणे रात्री जागी असते, म्हणून पहाटे तीनला उत्तर.)

अ‍ॅस्पिरिन रक्तात फार टिकत नाही, पाव तास-वीस मिनिटांत निम्मं झालेलं असतं. पण तेवढ्यात ते प्लेटलेटच्या (एकमेकींना चिकटून गुठळी करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींच्या) आतल्या एका एन्झाइमच्या कुलपात काडी मोडून ठेवतं आणि निघून जातं. आता दुसऱ्या कुठल्या पेशीने नवीन कुलूप बनवलं असतं, पण प्लेटलेटला केंद्रकच नाही, म्हणजे घरात कारागीरच नाही. त्यामुळे ती प्लेटलेट मरेपर्यंत निकामी. प्लेटलेट जगते ७ ते १० दिवस, आणि रोज साधारण दहावा हिस्सा नव्या येतात. म्हणून आज गोळी बंद केली तर उद्या परिणाम जात नाही, हळूहळू जातो, आणि म्हणूनच दिवसातून एक छोटी गोळी पुरते. क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल प्लेटलेटच्या दुसऱ्या दारावर काम करतात पण तेही कायमचंच मोडून ठेवतात. टिकाग्रेलॉर तसं करत नाही, ते दार धरून उभं राहतं आणि सोडून देतं. म्हणून दिवसातून दोनदा. आणि म्हणूनच तिचे डोस चुकवले तर क्लोपिडोग्रेलपेक्षा लवकर महागात पडतं. सांजवेळ, बाबांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा.

आणि "रक्त पातळ" हा शब्द आपण सगळेच वापरतो, मीसुद्धा पेशंटशी बोलताना वापरते, पण रक्त काही पाण्यासारखं होत नाही. जेवढं दाट होतं तेवढंच राहतं, फक्त प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत.

भोचकभवानी, मामांना उदंड आयुष्य लाभो. पण बंद करून ज्यांना काही झालं नाही तेच गप्पा मारायला उरतात हो. त्यांना स्टेंट टाकला होता का, किती वर्षांपूर्वी, बंद कुणी केलं, हे नाही सांगितलंत. अटॅकनंतर दोन गोळ्या साधारण वर्षभर, अटॅक नसताना नुसता स्टेंट टाकला असेल तर साधारण सहा महिने, आणि मग एक गोळी पुढे कायम, असं ढोबळमानाने असतं. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांना डॉक्टर स्वतःच ते कमी करतात. म्हणजे दुसरी गोळी "बंद" होणं यात नवल काही नाही, ती कुणी आणि कधी केली एवढाच प्रश्न.

भोचकभवानी
स्टेंट नव्हता. गोळी त्यांनी कुणीतरी सांगितलं म्हणून प्रिकॉशन म्हणून चालू केली होती. पण लसणाचं काय?

रात्रपाळी
मग मामांनी बंद केलं ते बहुधा बरोबरच केलं. :) खाली कुणी विचारलं तर त्यावर लिहीन. लसूण जेवणात खा हवा तेवढा. तो गोळीला पर्याय नाही. आणि लसणाच्या, गिंको बिलोबाच्या, फिश ऑइलच्या कॅप्सूल या गोळ्यांच्या जोडीला घेणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण रक्तस्रावाच्या बाजूला तेही थोडा हात लावू शकतात.

टिकलीवाली
अरे देवा, पथ्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरची गंमत. सासऱ्यांना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला, क्लोपिडोग्रेल चालू झाली. शेजारच्या काकूंनी सांगितलं रक्त पातळ करायची गोळी असेल तर हिरव्या पालेभाज्या बंद, त्यांच्या ह्यांना डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. झालं! दीड वर्ष आमच्या घरात पालेभाजी आली नाही. मुलं खूश, नवरा तर फारच खूश. शेवटी एकदा तपासणीला मी सोबत गेले आणि सहज म्हटलं की पथ्य अगदी काटेकोर चालू आहे, तर डॉक्टर म्हणाल्या कसलं पथ्य? काकूंच्या मिस्टरांना वॉरफेरिन होती! पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन केचा संबंध तिच्याशी, आमच्या गोळीशी काही नाही. नवरा अजून म्हणतो की तू विचारायलाच नको होतंस.

दंतकथा
हा गोंधळ मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. वॉरफेरिन आणि तिच्या जातीतली औषधं वेगळी, ती रक्त गोठायच्या साखळीवर काम करतात, वॉरफेरिनवाल्यांना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) तपासावा लागतो. प्लेटलेटवाल्या गोळ्यांना आयएनआरचा काही उपयोग नाही. पेशंट "रक्त पातळ करायची गोळी" एवढंच सांगतो आणि पुढचं सगळं चुकतं. सांजवेळ, नाव सांगू नका, पट्टी घेऊन जा.

गल्ल्यामागून
पट्टी घेऊन जा याला +१००. मी औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे सतरा वर्षं उभा आहे, मला विचाराल तर गोळी विसरण्यापेक्षा गोळी डबल होण्याचे घोळ जास्त असतात. हॉस्पिटलातून सोडताना अ‍ॅस्पिरिन वेगळी, क्लोपिडोग्रेल वेगळी, कोलेस्टेरॉलची वेगळी देतात. महिन्याने दुसरा डॉक्टर तिन्हींची मिळून एकच कॅप्सूल लिहितो. आजोबा इमानदारीत जुनं संपेपर्यंत दोन्ही खातात. एका आजींनी असे तीन आठवडे काढले, दोन्ही दंडांवर जांभळाएवढे डाग घेऊन माझ्याकडे आल्या, हे काय झालं बघ म्हणून. नवीन कागद मिळाला की जुना कागद शेजारी ठेवून कंपनीचं नाव नाही, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, नाहीतर दुकानात आणा, आम्ही वाचून देतो.

दुसरं, पित्ताची गोळी. क्लोपिडोग्रेल लिव्हरमध्ये जाऊन तिथे चालू होते, ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल तिच्या त्याच रस्त्यात आडव्या येतात. म्हणून क्लोपिडोग्रेलवाल्यांना सहसा पँटोप्राझोल देतात. आणि पित्ताची गोळी स्वतःच्या मनाने काढून टाकू नका, दोन-दोन गोळ्या चालू असताना पोटातून रक्त जाऊ नये म्हणूनच ती दिलेली असते, अ‍ॅसिडिटी असो नसो. सांजवेळ यांच्या बाबांना टिकाग्रेलॉर आहे त्यामुळे ओमेप्राझोलची भानगड त्यांना नाही, पण त्यांची वेगळी आहे. दाढेला सूज आली की अँटिबायोटिक लिहितात, त्यात क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर टिकाग्रेलॉरबरोबर चालत नाही, रक्तात तिचं प्रमाण फार वाढतं. बुरशीच्या इट्राकोनाझोल-किटोकोनाझोल गोळ्यांचंही तेच.

तिसरं पेनकिलर. दाढ दुखली की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, घरात जे असेल ते. या गोळ्यांवर ते पोटाला भारी पडतं, आणि आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतली तर तिची जागाच अडवून बसते. पॅरासिटामॉल घ्या, ठरलेल्या मात्रेत.

आणि अ‍ॅस्पिरिनची बाटली किंवा सुट्या गोळ्या बाथरूमच्या कपाटात ठेवू नका. दमट हवेत ती बिघडते. कधी जुनी बाटली उघडून वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फेकून द्या.

शंकासुर
रात्रपाळी ताई, कुलपातली काडी जबरदस्त. आता माझा स्वार्थी प्रश्न. वय ४७, काही त्रास नाही, साखर-बीपी नॉर्मल. ऑफिसातले दोघे-तिघे "हार्टसाठी" रोज छोटी अ‍ॅस्पिरिन खातात. मी पण सुरू करू का?

कट्ट्यावरचा
करून टाका. आमच्या आधीच्या पिढीत डॉक्टर स्वतः खायचे आणि सगळ्यांना सांगायचे. काय नुकसान आहे इतक्याशा गोळीने?

रात्रपाळी
नुकसान आहे. आधी एक जुनी गोष्ट. १९४०च्या दशकात अमेरिकेत लॉरेन्स क्रेव्हन नावाचा एक साधा प्रॅक्टिस करणारा डॉक्टर होता. टॉन्सिल काढल्यावर दुखू नये म्हणून तो अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगगम द्यायचा. जे फार चघळायचे त्यांना रक्तस्राव जास्त, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने उलटा विचार केला, की मग हे हृदयाची गुठळी रोखेल का? त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ही गोळी शरीरात नेमकं काय करते ते ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. मग १९८८ मध्ये आयसिस-२ नावाचा मोठा अभ्यास आला, १७,१८७ पेशंट, सगळे अटॅकची शंका असलेले. पाच आठवड्यांत अ‍ॅस्पिरिन न घेणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांमुळे ११.८ टक्के दगावले, घेणाऱ्यांमध्ये ९.४. एवढ्या स्वस्तातल्या गोळीने!

म्हणून सगळ्यांनी ती निरोगी माणसांनाही वाटायला सुरुवात केली. तिथे गणित फिरलं. २०१८ मध्ये अ‍ॅस्प्री अभ्यास आला, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ निरोगी वयस्कर लोक, बहुतेक सत्तरीपुढचे. हृदयविकार काही लक्षणीय कमी झाला नाही, पण मोठा रक्तस्राव २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेला. अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या टास्क फोर्सने २०२२ मध्ये साठीपुढच्यांनी अटॅक टाळण्यासाठी नव्याने सुरू करू नये असंच सांगितलं, आणि ४० ते ५९ मध्ये धोका जास्त असेल तरच डॉक्टरशी बोलून. शंकासुर, तुम्हाला काही नाही, तुम्ही कशाला पोटाला भोक पाडून घेताय.

पण हे वाचून ज्यांना अटॅक, स्टेंट, पक्षाघात झालाय त्यांनी गोळी बंद करायची नाही! दरवेळी अशी बातमी छापून आली की पुढच्या आठवड्यात वॉर्डात एखादा येतोच, कात्रण खिशात घेऊन.

कट्ट्यावरचा
मग छातीत दुखायला लागलं तर अ‍ॅस्पिरिन चघळायची हेही खोटं का आता?

रात्रपाळी
ते खरं आहे. अटॅकची शंका असेल तर आधी अ‍ॅम्ब्युलन्स, मग अ‍ॅलर्जी नसेल, कुठून रक्त जात नसेल तर साधी अ‍ॅस्पिरिन ३०० मिग्रॅच्या आसपास चावून. चावून, कारण लवकर शोषली जाते. मात्र तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडं बोलायला लागला तर घरी अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही.

चष्मिष
रुमालाची जागा भरायला आले. सासूबाईंना टिकाग्रेलॉर चालू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून धाप लागायला लागली, बसल्या बसल्या मध्येच मोठा श्वास घ्यायच्या, उसासा टाकावा तसा. आम्हाला वाटलं मनाला लावून घेतलंय. नणंद म्हणाली गोळी बदलल्यापासून आहे, बंद करूया. मी म्हटलं विचारू आधी. ईसीजी, इको सगळं पाहिलं, हृदय ठीक होतं, मग डॉक्टरांनी सांगितलं की या गोळीचा हा नेहमीचा त्रास आहे, शंभरात तेरा-चौदा जणांना होतो, बऱ्याच जणांचा आपोआप जातो. त्यांचा काही गेला नाही, तेव्हा क्लोपिडोग्रेलवर बदललं, त्यातही पहिल्या दिवशी किती घ्यायच्या, शेवटच्या टिकाग्रेलॉरनंतर किती तासांनी, हे लिहून दिलं. आपण आपल्या मनाने बदललं असतं तर मधले तास कोरडेच गेले असते.

उंटावरचा_शहाणा
माझा साधा प्रश्न. गोळी घेतली की नाही हेच आठवत नसेल तर? हसू नका. रोज दुपारी मी ड्रॉवरसमोर उभा असतो.

गल्ल्यामागून
दोन पद्धती चालतात. एक, सात कप्प्यांची डबी. दुसरी माझ्या एका गिऱ्हाइकाची, पट्टीच्या मागे पेनाने प्रत्येक गोळीवर तारीख लिहून ठेवतो, सकाळसाठी स आणि संध्याकाळसाठी सं. भोक पडलं की घेतली. खरंच चुकली असेल तर आठवल्यावर घ्या, पुढची वेळ जवळच आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. खात्री नसेल तर "असू दे अजून एक" नको. आणि पट्टीत पाच गोळ्या उरल्या की आणायला निघा, संपल्यावर नाही.

निवृत्त_पण_निवांत
चष्म्याची डबी मात्र वापरू नका.

भोचकभवानी
काका :) बरं, काळंनिळं होण्याबद्दल कुणी काही बोललंच नाही, मूळ धाग्यात होतं ते.

रात्रपाळी
खरंच की, राहिलं. धक्का लागून हाता-पायावर डाग पडणं, ब्रश करताना थोडं रक्त, दाढीचं कापलेलं दहा-पंधरा मिनिटं, हे या गोळ्यांसोबत येतंच. पुढच्या तपासणीत सांगायचं, बंद करायचं कारण नाही. नाकातून आलं तर पुढे वाकून बसा, मान मागे टाकू नका, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, काकांना त्या दिवशी एवढं माहीत असतं तरी पुरलं असतं.

लगेच हॉस्पिटल गाठायची वेळ वेगळी. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होणं. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही. लघवी लाल. काही कारण नसताना चक्कर, घाम, धाप. आणि डोक्याला मार, हा मी वेगळा सांगते, कारण बाथरूममध्ये पडतात, टेंगूळ येतं, "काही नाही झालं" म्हणतात आणि झोपतात. या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला की बरं वाटत असलं तरी दाखवायचं. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते, पण ते घरी बसून ठरवू नका.)

सांजवेळ
मंडळी, नऊ दिवसांनी येतेय, सॉरी. सगळ्यांचे आभार, दादाला अख्खा धागा वाचायला लावला, निवृत्तकाकांच्या प्रतिसादानंतर तो एकदम गप्प झाला.

हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले दोन्ही गोळ्या चालू, एकही डोस चुकवायचा नाही, आणि स्वतः दातांच्या डॉक्टरांशी बोलले. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या मी बंद करायला सांगितलंच नव्हतं, ते पाच दिवसांचं कधीकाळचं एका कागदावर लिहिलेलं होतं आणि ती मुलगी सगळ्यांना तेच वाचून दाखवते! तो कागद आमच्यासमोर फाडला.

मंगळवारी सकाळी साडेनऊला दाढ काढली. आम्ही पट्ट्या घेऊन गेलो होतो. एक टाका, आत काहीतरी स्पंजसारखं भरलं, आणि गॉझ. अर्ध्या तासाने बघितलं तर अजून पाझरत होतं, नवा बोळा, परत वीस मिनिटं, मग थांबलं. घरी यायला तास-सव्वा तास जास्त लागला एवढंच. रात्री उशीवर गुलाबी डाग पडला तर आई उठून बसली, मी दंतकथांचं लाळेचं वाक्य वाचून दाखवलं. अँटिबायोटिकचं नाव बाहेर येताच दुकानात तपासून घेतलं, ते वालं नव्हतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल, दोन दिवसांत तीही लागेना.

बाबांची तक्रार वेगळीच, की एवढं करून गोळी एकही कमी झाली नाही. पण पट्टीवर स आणि सं स्वतःच लिहायला लागलेत, आईला हात लावू देत नाहीत.

दंतकथा
वा. टाका विरघळणारा आहे ना विचारा, नसेल तर काढायला जायचंय.

सांजवेळ
विरघळणारा आहे. आणि वरच्या दाढेतही कीड आहे म्हणाल्या. :(

दंतकथा
ती कदाचित वाचेल, आत्ताच दाखवा, चुरा होईपर्यंत थांबू नका.

चष्मिष
मी रुमाल उचलणार होते, पण सासूबाईंना मोतीबिंदूची तारीख मिळालीय आणि तिथल्या फोनवरही कुणीतरी म्हणालं गोळी बंद करून या. इथेच विचारू की नवा धागा काढू?

दंतकथा
डोळ्याचं मला विचारू नका हो. गोळी कुणी लिहून दिलीय त्यांना आधी फोन करा, मग धागा काढा.

उंटावरचा_शहाणा
धागा काढाच. मी रुमाल टाकतो.